काचेच्या कपाटाची चावी कुणाकडं?

या वेळी पत्रं जास्त आली ती कॉलेज-विद्यापीठाच्या लायब्ररीतल्या डिस्प्लेबद्दल, म्हणून तेवढीच घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : सर, मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्राचार्य म्हणाले नॅकवाले, म्हणजे कॉलेज तपासून दर्जा देणारे, येणारेत, व्यक्तिमत्त्व विकास, मानसिक आरोग्य अन् अवांतर वाचन असा एक डिस्प्ले लावा. मी दर्शनी भागात काचेच्या कपाटात चाळीस पुस्तकं मांडली, वर थर्माकोलची अक्षरं पण लावली. दोन महिने झाले, एक पुस्तक हललं नाही. पोरं येतात, एमपीएससीचं नाहीतर पोलीस भरतीचं मागतात अन् जातात. माझं काय चुकलं?

उत्तर : मॅडम, कपाटाला कुलूप आहे का ते तुम्ही लिहिलंच नाही, पण मला इथून दिसायलंय, आहे.

उगं शहाणपणा शिकवत नाही, मी पण हेच केलंय. नोकरीच्या पहिल्याच वर्षी 12 ऑगस्टला, म्हणजे भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीला, झकास मांडणी केली, चावी माझ्या ड्रॉवरमधे, मी जेवायला गेलो की चावी पण जेवायला. एक पोरगं काचेला नाक लावून उभं होतं, त्याला पुस्तकात काय आहे ते बघायचं होतं, ते मागच्या कव्हरवर असतं अन् मागचं कव्हर भिंतीकडं. पाच मिनिटं थांबून गेलं बिचारं. गंमत म्हणजे ज्यांची जयंती होती त्या रंगनाथनांनी 1931 साली जे पाच नियम लिहिले त्यातला पहिलाच नियम, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. युरोपात जुन्या काळी पुस्तकं साखळीनं फळीला बांधून ठेवायचे हे पण त्यांनीच तिथं सांगितलंय. अन् आपण त्यांचाच फोटो काचेत ठेवून हार घालतो.

कुलूप का लागतं ते मला माहितीये. स्टॉक चेकिंगला पुस्तक कमी भरलं तर भरायचं कुणी, ही भीती. रिटायर होताना नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नाही हा दाखला, अडकलेले ग्रंथपाल मी बघितलेत, त्यामुळं तुमच्यावर हसणार नाही. पण एक कागद जवळ ठेवा. केंद्र सरकारच्या जनरल फायनान्शियल रूल्स 2017 मधला नियम 215. त्यात असं आहे की वर्षाला हजार पुस्तकं इश्यू झाली किंवा वाचायला काढली गेली तर त्यामागं पाच गहाळ होणं वाजवी धरावं, फक्त त्यात बेइमानी किंवा हलगर्जी नसावी, अन् हजार रुपयांच्या वरचं नाहीतर दुर्मिळ पुस्तक गेलं तर चौकशी होणारच. हा नियम केंद्राच्या ऑफिसांसाठीचा आहे, तुमच्या कॉलेजला आपोआप लागत नाही, पण ग्रंथालय समितीपुढं ठेवून तसाच ठराव करून घ्या, प्राचार्यांची सही घ्या, मग कुलूप काढा. ठरावाआधी काढू नका, हे अनुभवाचे बोल आहेत.

आता मांडणी. चाळीस पुस्तकं लई झाली, दहा-बारा बास. पुढचं कव्हर दिसेल अशी उभी करा अन् जागा बदला. पोरं थांबतात कुठं? पेपरच्या स्टँडपाशी, जाहिराती बघायला. नाहीतर बॅगा ठेवायच्या काउंटरपाशी. तिथं एक साधा टेबल लावा. पुस्तक उचललं की तिथूनच इश्यू, 'डिस्प्लेचं आहे, मिळणार नाही' हे वाक्य लायब्ररीतून हद्दपार करा, शिपायाला पण सांगून ठेवा कारण खरा नकार तोच देतो. टेबल अर्धा रिकामा दिसला की समजा डिस्प्ले चालायलाय, संध्याकाळी रॅकमधून भर टाका. कोणतं पुस्तक किती वेळा गेलं ते एका वहीत लिहा, नॅकवाल्यांना थर्माकोलपेक्षा ती वही दाखवा.

अन् डिस्प्लेचा खरा उपयोग दुसराच आहे. आपल्या ड्युई वर्गीकरणात, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं रॅकवर लावायच्या पद्धतीत, मनाबद्दलची पुस्तकं एका जागी नसतातच, स्वतःला सुधारा टाइपची 158 ला, मानसिक आजारांची 616.89 ला, योगा-व्यायाम 613 ला, अन् ज्या कादंबरीत माणूस कोसळून परत उभा राहतो ती पार तिकडं 891.463 ला. पोराला हे आकडे कशाला माहिती असतील? तुम्हाला माहिती आहेत, म्हणून वेचून आणायचं काम तुमचं. फक्त 158 चा ढीग लावू नका, सकाळी पाचला उठा अन् करोडपती व्हा ही पुस्तकं दोन ठेवा, बास. अभ्यासिकेत सकाळी सहापासून बसलेल्या पोराला अजून एक पुस्तक 'तू कमी पडायलास' म्हणत असेल तर ते कशाला उचलेल? विनोदी ठेवा, प्रवासाचं, क्रिकेटचं, भुताखेताचं ठेवा. ज्याची परीक्षा नाही असं काहीतरी.

प्रश्न : सर, मी नांदेडला रूम करून राहते, बीएस्सी सेकंड इयर. लायब्ररीत डिप्रेशन असा बोर्ड लावून पुस्तकं ठेवलीत. मला त्यातलं एक पाहिजे होतं पण काउंटरवरचे काका ओळखीचे आहेत, गावाकडं कळंल म्हणून घेतलं नाही. दोन महिन्यांपासून झोप नाही, कशातच मन लागत नाही.

उत्तर : बेटा, आधी तुझं, मग पुस्तकाचं. दोन महिने झोप नाही म्हणजे हे पुस्तकावर सोडायचं काम नाही. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. आजच लाव. सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी असते, एखादी मैत्रीण सोबत घे अन् जा. कधी जीव नकोसा वाटला तर रूमवर एकटी बसू नकोस, लगेच कुणालातरी जवळ बोलव अन् तो नंबर लाव.

आता तो बोर्ड. लावणाऱ्याचा हेतू चांगला असेल पण अशा बोर्डाखालून पुस्तक उचलणं म्हणजे चारचौघात मेडिकलवर गोळ्या मागण्यासारखं आहे. ग्रंथपालांनो, 'मनासाठी' लिहा, 'जरा निवांत' लिहा, नाहीतर काहीच लिहू नका. इंग्लंडमधे 2013 पासून 'रीडिंग वेल' नावाची योजना चालू आहे, जाणकारांनी निवडलेली पुस्तकं सार्वजनिक लायब्ररीत मिळतात, डॉक्टर सुचवू शकतात पण चिठ्ठी नसली तरी कुणीही नेऊ शकतं, का पाहिजे ते सांगावं लागत नाही. आपल्याकडं पण हे 'का पाहिजे' थांबलं पाहिजे. तू तोपर्यंत ते पुस्तक केमिस्ट्रीच्या दोन पुस्तकांमधे ठेवून इश्यू करून घे. काका बारकोड बघतात गं, नाव नाही.

प्रश्न : 'फक्त 6 मिनिटं वाचा, ताण 68 टक्के कमी' असं पोस्टर वाचन प्रेरणा दिनाला डिस्प्लेवर लावायचंय, चालेल का? – एक प्राध्यापक, बीड

उत्तर : नका लावू सर. हा आकडा 2009 सालच्या, इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठातल्या एका छोट्याशा प्रयोगातून आलाय, शास्त्रीय नियतकालिकात रीतसर तपासून छापलेला तो नाही, तरी जगभर भिंतीवर चिकटलाय. सायन्सची पोरं विचारतील सोर्स काय. वाचून बरं वाटतं हे सांगायला टक्के कशाला? त्यापेक्षा 15 ऑक्टोबरच्या, म्हणजे वाचन प्रेरणा दिनाच्या आधी पोरांकडूनच दोन-दोन ओळी लिहून घ्या, त्यांना काय आवडलं ते, त्यांच्या अक्षरात, अन् ती चिठ्ठी त्या त्या पुस्तकाला लावा.

प्रश्न : मुलगा लातूरला नीट रिपीट करायलाय. सुट्टीत आला तर बॅगेत लायब्ररीची कादंबरी. मी रागावलो, काढून घेतली. खरं सांगायचं तर रात्री तीस पानं मी पण वाचली. असलं वाचू द्यावं का?

उत्तर : दादा, झोपायच्या आधी अर्धा तास वाचत असेल तर वाचू द्या की, तेवढा वेळ मोबाईल तरी हातात नाही. पुस्तक त्याला परत द्या. अन् मागच्या पानावर डेटस्लिप असते ती बघा, तारीख जवळ आली असेल तर त्याला रिन्यू करायला सांगा. तुमची अजून तीसच पानं झालीत.