नदीकाठच्या जुन्या बाजारपेठेच्या गावाला दीड हजार घरं जोडायची तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तालुक्याचं जुनं बाजारपेठेचं गाव आहे, नदीकाठी, नगरपरिषदेची हद्दवाढ झालीय, आजूबाजूच्या शेतांत पुढच्या काही वर्षांत दीडेक हजार घरं होतील म्हणतात, तर पर्यावरण सांभाळून आणि जुनी पेठ न मारता हे कसं प्लॅन करायचं. मी सिव्हिलवाला, बरीच वर्षं लेआउट मंजुरीची कामं केलीत, पण खरं सांगायचं तर यातलं जे काही कळतं ते नोकरीपेक्षा सांगलीत वाढल्यामुळं कळलंय, म्हणून सांगलीचंच सांगतो.

सोलर, ग्रीन बिल्डिंग वगैरे जरा बाजूला ठेवा, ते नंतर पण बसवता येतं. पाणी कुठनं वाहतं आणि शेत कुणी कसं विकलं या दोन गोष्टी मात्र एकदा चुकल्या की नंतर कुणाच्या बापाला दुरुस्त होत नाहीत.

१८०१ साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेतनं वेगळे झाले आणि सांगलीला राजधानी केली, त्यानंतर हे गाव वाढलं. गावभाग, वखारभाग, गणपती पेठ, कापडपेठ ही नावंच बघा, कुठं माणसं राहायची आणि कुठं माल उतरायचा ते नावातच आहे. हळदीची पेवं शेजारच्या हरिपुरात, कारण तिथल्या मातीत जमिनीखाली खड्डा घेऊन हळद ठेवली तर वर्षानुवर्षं टिकायची. म्हणजे माती बघून जागा ठरवायची अक्कल होती लोकांना. (२००५ च्या पुरात त्या पेवांत पण पाणी गेलं ही गोष्ट वेगळी, जुनी माणसं म्हणजे काही देव नव्हेत.)

मग गाव वाढायला लागलं आणि गुंठेवारी आली. तुमच्याकडं अजून नसेल तर येणार हे नक्की समजा. नदीकडच्या सखल काळ्या रानात शेतकऱ्याला पीक परवडेना, मग तो एकराचे चाळीस गुंठे करून एकेक दोन-दोन गुंठे विकतो, कागद नोटरीचा, सातबाऱ्यावर अठरा नावं, आणि एजंट चुन्याची फक्की टाकून दाखवतो की हा बघा तीस फुटी रस्ता. आमच्या वडिलांनी असेच दोन गुंठे घेतले होते. तीस फुटी रस्ता आमच्या दारापर्यंत येईस्तोवर अकरा फूट राहिला, कारण प्रत्येकानं दोन-दोन फूट पुढं कंपाउंड घातलं. पावसाळ्यात घरात पाणी येतं म्हणून शेजाऱ्यानं मुरूम टाकून जोतं आमच्यापेक्षा दोन फूट वर घेतलं, त्याच्या शेजाऱ्यानं त्याच्यापेक्षा वर, म्हणजे ज्यानं सगळ्यात आधी घर बांधलं त्याच्या घरात सगळ्यात आधी पाणी. रानातनं नदीकडं जाणारा जो ओत होता, म्हणजे पावसाचं पाणी वाहून न्यायची ती सखल जागा, तो याच मुरमाखाली गेला. कुणी मुद्दाम बुजवला असं नाही, शंभर जणांनी आपापल्या पुरता बुजवला.

सरकारनं २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा केला, १ जानेवारी २००१ पर्यंतची घरं त्यात धरली. पुढं २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. लोक पण हुशार आहेत, पुढची मुदतवाढ येणार हे धरूनच प्लॉट घेतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, गरिबाला दुसरीकडं प्लॉट परवडतो कुठं.

आता पूर. सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, त्यावर पाण्याची पातळी मोजतात, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हरभट रोड, मारुती रोड, कापडपेठ, सगळी पेठ पाण्यात, आणि २०२१ च्या जुलैमध्ये परत. पुराला धरणं, पाऊस, नदीच्या खालच्या अंगानं येणारा पाण्याचा फुगवटा अशी बरीच कारणं आहेत आणि त्यावर सांगलीत दोन माणसं भेटली की तीन मतं निघतात, ते सोडून देऊ. पण पूर ओसरल्यावर सुद्धा सखल वसाहतींत दिवसेंदिवस पाणी तुंबून राहतं, त्याचं कारण वर सांगितलंच, जायला वाटच ठेवली नाही. आणि प्रत्येक पुरानंतर पेठेतला एखादा व्यापारी दुसरं दुकान उंचावर विश्रामबागेच्या बाजूला बघतो. पेठ अशी मरते, मॉल यायला लागतच नाही.

तर तुमच्या गावासाठी पहिलं काम म्हणजे पाटबंधारे खात्याकडनं निळी आणि लाल पूररेषा आखलीय का ते विचारा. निळी साधारण पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्या. निळीच्या आत घर नकोच, दोन रेषांच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर. पण या रेषा फक्त नदीचं सांगतात, गावातल्या ओढ्यांचं नाही. ते ओढे म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारून नकाशावर मारा आणि दोन्ही बाजूला जागा सोडून तीच जागा बाग, मैदान, सायकलचा रस्ता म्हणून धरा. नाहीतरी लेआउटमध्ये ओपन स्पेस सोडावाच लागतो, मग तो सगळ्यात कोपऱ्यातला वाकडातिकडा तुकडा का, ओढ्याकाठचा सलग पट्टा का नाही?

दुसरं, टीपी स्कीम, म्हणजे टाउन प्लॅनिंग किंवा नगररचना योजना. डीपी म्हणजे विकास आराखड्यात रस्त्याची रेघ मारतात, जमीन मात्र ज्याची त्याचीच राहते, मग भूसंपादनाला पैसे नाहीत म्हणून ती रेघ वीस-वीस वर्षं कागदावर. टीपीमध्ये सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र धरून नव्यानं आखतात, रस्ते, बाग, शाळेची जागा काढून घेतात आणि उरलेली चौकोनी करून ज्याची त्याला परत, आधीपेक्षा लहान पण रस्त्यावरची, त्यामुळं किंमत जास्त. ४० टक्क्यांपर्यंत जमीन या सोयींसाठी जाते आणि वर किमान १० टक्के दुर्बल घटकांच्या घरांसाठी काढायची असते. ही १० टक्केवाली गोष्ट सोडू नका, कारण तीच पुढची गुंठेवारी थोडीफार थांबवू शकते. हे काही नवीन फॅड नाही, मुंबई इलाख्याचा टीपीचा कायदा १९१५ चा आहे, वांद्रे-सांताक्रूझ-पार्ल्याकडं पत्त्यात टीपीएस दिसतं ते हेच, आणि अहमदाबाद तर अजून याच पद्धतीनं वाढतंय. अट एकच, जमीन पाच-पन्नास मालकांची आहे तोवरच हे जमतं. त्याच रानात आठशे दोन-गुंठेवाले बसले की संपलं, परत द्यायला काही उरतच नाही.

तिसरं, जागेचा हिशोब. दीड हजार घरं प्रत्येकी दोन गुंठ्यांत म्हटली तर ३,००० गुंठे, म्हणजे ७५ एकर नुसते प्लॉट, आणि रस्ते-मोकळी जागा ४० टक्के धरली तर १२५ एकर शेती गेली. तेच जोडघरं आणि तळमजला अधिक दोन मजले अशा बिल्डिंगा मिळून प्लॉटच्या एकराला ४० घरं बसवली तर रस्ते धरून ६२-६३ एकरांत काम होतं, आणि जुनी पेठ चालत पंधरा मिनिटांवर राहते. लोक म्हणतील आम्हाला बंगलाच पाहिजे. पण त्याच लोकांच्या आज्जीचं घर पेठेत खाली दुकान वर माडी असंच होतं की, दोन घरांत एक भिंत, पुढं कट्टा, मागं परसू. नव्या भागात मुख्य रस्त्यावर तसं खाली गाळा वर घर चालू द्या, पण भाजी मंडई, आठवडी बाजार, बँक, तहसील हे उचलून बायपासला नेऊ नका. एसटी स्टँड तर अजिबात नको. फक्त ट्रकचा होलसेल माल बाहेर न्या, त्यानं पेठेचा श्वास मोकळा होतो.

मैल्याचं काय करणार ते घरांच्या आधी ठरवा. काळ्या मातीत शोषखड्डा पाणी शोषत नाही, ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मग सेप्टिक टँकचं पाणी गटारात, गटार ओढ्यात, ओढा नदीत. सांगलीचा शेरीनाला वर्षानुवर्षं कृष्णेत कसा जातोय ते पेपरात वाचलंच असेल. पहिल्या पाचशे घरांबरोबरच प्रक्रिया केंद्राची जागा आणि त्या पाण्यावर कुणाची शेती भिजणार ते ठरलेलं हवं. पाणी जिरवायचे खड्डे पण काळ्या रानात सरसकट सांगू नका, तिथं छताचं पाणी टाकीत साठवलेलं बरं, जिरवणं मुरमाड उंचवट्यावर.

आणि तुमच्या हातात काय आहे विचाराल तर, प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात आणि त्या नोटिशीकडं कुणाचं लक्ष नसतं. त्याची वाट बघू नका. या जुलै-ऑगस्टमध्ये, जोराचा पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल घेऊन त्या शेतांतनं फिरा, पाणी कुठं साचलंय, कुठनं वाहतंय, गट नंबरासकट फोटो काढून ठेवा. आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर वडिलांनी २००५ च्या पाण्याची रेघ मारून ठेवली होती खिळ्यानं, २०१९ ला पाणी त्याच्यावर गेलं. तसल्या रेघा तुमच्याही गावात कुठल्यातरी वाड्यात, देवळात असतील, त्यांचेही फोटो हरकतीला जोडा.