'नाइट स्टॉकर्स'ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेच्या 'नाइट स्टॉकर्स' या हेलिकॉप्टर तुकडीचं नाव एका लेखात 'रात्रीचे पाठलागकर्ते' असं केलंय, ते बरोबर आहे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते नाही. पाठलाग पळणाऱ्याचा होतो, आणि बहुतेकदा त्याला तो कळतो. इथलं स्टॉकिंग शिकाऱ्याचं आहे: सावज बेसावध असताना, वारा बघून, पाचोळाही न वाजवता जवळ सरकायचं. 'दबा धरणारे'ही चालणार नाही. दबा एका जागी बसून धरतात.

मी 'निशाचर' घेईन. हा शब्द राक्षसांना आणि घुबडांना लावतात म्हणून बिचकू नये. 'चर' म्हणजे फिरणारा, आणि संस्कृतात हेरही. या तुकडीला दोन्ही अर्थ शोभतात.

तिचा जन्मच अंधारातल्या अपयशातून झाला. एप्रिल १९८० मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी ओलिसांना सोडवायला आठ हेलिकॉप्टरं निघाली. धुळीचे लोट आणि बिघाड यांतून पाचच कामाची उरली. निदान सहा हवी होती. मोहीम सोडून निघताना इराणच्या वाळवंटात एक हेलिकॉप्टर उभ्या विमानावर आदळलं आणि आठ जण गेले. मग केंटकीच्या फोर्ट कॅम्पबेलमधल्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे वैमानिक निवडून त्यांना रात्री जमिनीलगत उडायला तयार केलं. डोळ्यांवर नाइट व्हिजन गॉगल. त्यातून सगळं हिरवट दिसतं आणि अंतराचा अंदाज चुकतो. सुरुवातीच्या वर्षांत सरावातच कित्येकांनी जीव गमावले. ऑक्टोबर १९८१ मध्ये १६०वी बटालियन उभी राहिली, १९९० मध्ये तिची रेजिमेंट झाली. ठरल्या वेळेच्या तीस सेकंद अलीकडे-पलीकडे जागेवर पोचायचंच, हा तिचा दंडक. मे २०११ मध्ये ओसामा बिन लादेनसाठी पाकिस्तानातल्या अबोटाबादला कमांडो उतरवले तेही तिनेच, अमावास्येच्या तोंडावरच्या रात्री.

'रात्रीचे शिकारी' मला म्हणूनच पटत नाही. मारा करणारी 'लिटल बर्ड' हेलिकॉप्टरं त्यांच्याकडे आहेत, पण मुख्य काम कमांडोंना गुपचूप नेण्याचं आणि परत आणण्याचं.

आणखी एक. बातम्यांत कधी कधी 'हवाई दलाची तुकडी' छापतात, ते चूक आहे. ही लष्कराची हेलिकॉप्टर तुकडी. आपल्या लष्कराचंही वेगळं आर्मी एव्हिएशन आहे, नाशिकला त्याचे वैमानिक घडतात. 'अमेरिकी लष्कराची निशाचर रेजिमेंट' असं लिहावं. 'पलटण' मात्र नको, त्या शब्दाने मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पायदळच येतं.