टीटीपीचा संशय असेल तर प्लाझ्मा लावण्याआधी रक्त काढून ठेवा

ताई, भावाच्या प्लेटलेट १४ हजार, डेंग्यू निगेटिव्ह, हिमोग्लोबिन रोज उतरतंय, बोलताना अडखळतोय, स्मिअरमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या रक्ताच्या थेंबात) फाटलेल्या लाल पेशी... वाचून पोटात गोळा आला. माझ्या धाकट्या बहिणीचं अगदी असंच होतं, आणि तो टीटीपी होता (थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा, रक्ताचा एक दुर्मिळ, जीवघेणा आजार). मी डॉक्टर नाही, तेव्हा तुमचे हिमॅटॉलॉजिस्ट सांगतील तेच खरं.

टीटीपीचं मूळ ॲडॅम्ट्स-१३ ह्या एन्झाइममध्ये आहे. ते मुख्यतः यकृतातून रक्तात येतं आणि फॉन विलेब्रांड फॅक्टर ह्या रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्रथिनाचे लांबच लांब धागे कातरतं. ते कमी पडलं की त्या धाग्यांना प्लेटलेट चिकटून मेंदू, हृदय, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. म्हणून 'प्लेटलेट चढवा' म्हणणाऱ्या नातेवाइकांना आवरा. जीवघेणा रक्तस्राव नसेल तर सहसा देत नाहीत. पपईच्या पानांचा रसही नको.

आमचा घात केला एका सॅम्पलने. त्या हॉस्पिटलात (नाव घेत नाही) ॲडॅम्ट्स-१३ च्या टेस्टची आठवण झाली ती प्लाझ्मा एक्स्चेंज (रुग्णाचा प्लाझ्मा काढून दात्यांचा घालणं) सुरू झाल्यावर. दात्यांच्या प्लाझ्मातून तेच एन्झाइम अंगात गेलेलं, आकडा बरा येणारच. टीटीपीत तो १० टक्क्यांच्या खाली असतो, हिचा वर, म्हणून 'टीटीपी नाही' ठरवून एक्स्चेंज बंद! प्लेटलेट पुन्हा कोसळल्या, बहिणीला झटके आले. मी रिपोर्टवरची सॅम्पलची वेळ दाखवत फिरतेय आणि काउंटरवरचे विचारताहेत, पुढचा प्लाझ्मा पॅकेजमध्ये धरायचा की वेगळा. असो.

सॅम्पल निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्येच जाऊ दे. सीबीसीची जांभळी ट्यूब चालत नाही: तिच्यातलं ईडीटीए कॅल्शियम आणि झिंक धरून ठेवतं, आणि ह्या एन्झाइमला दोन्ही लागतात. ट्यूबवर वेळ लिहून घ्या, फोटो काढा. रिपोर्टला काही दिवस लागू शकतात. त्यासाठी एक्स्चेंज लांबवू नये, असं माझं ठाम मत. उपचाराविना पूर्वी सुमारे ९० टक्के रुग्ण दगावत, एक्स्चेंज आल्यापासून बहुतेक वाचतात. ब्लड बँक बदली दाते मागेल, व्हॉट्सॲपवर आजच नावं गोळा करा.

मोठ्या माणसांत बहुतेकदा शरीरच ह्या एन्झाइमविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, म्हणून प्रतिकारशक्तीला आवर घालणारी स्टिरॉइड, रिटुक्सिमॅब ही औषधं. इनहिबिटरची (म्हणजे ह्या अँटीबॉडीची) टेस्टही त्याच सॅम्पलवर मागा. बहीण आता नोकरीवर जाते, पण ॲडॅम्ट्सची तपासणी चालूच आहे. प्लेटलेटच्या आधी बरेचदा हाच आकडा उतरतो.

रिपोर्ट आला की इथे टाका, सॅम्पल कितीला काढलं त्यासकट.