सगळे कॉम्प्युटर ॲक्टिव्हेट झालेत, पण लायसन्स आहेत का?

प्रश्न : मी एका मध्यम आकाराच्या कंपनीचा संचालक आहे. आमच्याकडे ६८ कॉम्प्युटर आणि ४ सर्व्हर आहेत. विंडोजची व्हॉल्यूम लायसन्स (अनेक मशीनसाठी एका करारात घेतलेली) बाहेरच्या आयटी कंत्राटदाराने घेऊन दिली होती. तो आता काम सोडून गेला आहे. बिलं ५० लायसन्सची सापडली. केएमएस होस्टवर, म्हणजे मशीन ॲक्टिव्हेट करणाऱ्या आमच्या सर्व्हरवरही, संख्या ५० दिसते आणि सगळी मशीन ॲक्टिव्हेटेड आहेत. एक सर्व्हर मात्र कंपनीबाहेरच्या कुठल्यातरी पत्त्यावरून ॲक्टिव्हेट होतो, असं नव्या आयटी कर्मचाऱ्याच्या लक्षात आलं. आता सॉफ्टवेअर उत्पादकाच्या वतीने लेखापरीक्षकाचं पत्र आलंय, वापराचा तपशील मागितलाय. नवा कर्मचारी म्हणतो, संशयास्पद मशीन फॉरमॅट करून टाकू. आमचा हिशोब जुळतो ना? आणि आम्ही काय करावं?

उत्तर : आधी फॉरमॅटचं. ते करू देऊ नका, एकाही मशीनवर नाही. लायसन्स कमी पडली तर तो पैशाने मिटणारा वाद आहे. तपासणीचं पत्र हातात पडल्यावर पुरावा पुसला, तर तुमच्या हेतूवर बोट ठेवलं जाईल आणि पुढचं प्रत्येक खरं विधानही संशयाने वाचलं जाईल. शिवाय लपणार काहीच नाही. डोमेनमधल्या नोंदी, बॅकअप, अँटिव्हायरसचे अहवाल, कंत्राटदाराबरोबरचे ईमेल हे सगळं मागे उरतंच. आजच लेखी सूचना काढा : कोणतंही मशीन पुसायचं नाही, बदलायचं नाही, टाकून द्यायचं नाही.

आता तुमचा हिशोब. तो जुळत नाही. का जुळत नाही हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

केएमएस होस्ट तुमची लायसन्स मोजत नाही. विंडोजच्या साध्या कॉम्प्युटरसाठी किमान २५ मशीननी संपर्क केला की तो ॲक्टिव्हेशन देऊ लागतो. सर्व्हरसाठी ही अट ५ ची आहे. किमान संख्या आहे, कमाल नाही. २५ चा टप्पा पार झाला की ६८ वं मशीनही ॲक्टिव्हेट होईल आणि ६०० वंही. तुम्हाला दिसलेला ५० चा आकडा हा होस्टच्या रचनेचा भाग आहे : किमान संख्येच्या दुप्पट, म्हणजे अलीकडे संपर्क केलेल्या ५० मशीनचीच नोंद तो ठेवतो. आकडा त्यापुढे जात नाही. तुमच्या बिलांशी तो जुळला हा निव्वळ योगायोग आहे. लेखापरीक्षकाला पाठवायच्या उत्तरात तो आकडा पुरावा म्हणून लिहू नका. समोरच्याला ही रचना ठाऊक असते.

मशीनवर दिसणाऱ्या प्रॉडक्ट कीचंही (विंडोज टाकताना द्यायच्या क्रमांकाचंही) तेच. केएमएस वापरणाऱ्या मशीनवर जी की असते ती मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी जाहीर केलेली आहे. ती कोणीही टाकू शकतो. ती असल्याने तुमचा हक्क सिद्ध होत नाही. हक्क सिद्ध होतो तो करार, करार क्रमांक, लायसन्सची पुष्टी आणि बिल यांनी.

मग ६८ उणे ५०, म्हणजे १८ कमी? तेवढ्यावर थांबू नका. खरा आकडा यापेक्षा कमी निघू शकतो आणि जास्तही.

कमी अशासाठी, की काही मशीन विंडोजसहच विकत घेतलेली असतील. ते ओईएम लायसन्स त्या मशीनपुरतं वैध असतं. अशा मशीनवर व्हॉल्यूमच्या प्रतीतून तेच विंडोज पुन्हा टाकण्याची मुभा व्हॉल्यूम ग्राहकाला असते; अट इतकीच की उत्पादन, आवृत्ती आणि एडिशन तीच हवी. मशीन विंडोजचं प्रो एडिशन घेऊन आलं आणि कंत्राटदाराने सरसकट एंटरप्राइझ एडिशन टाकलं असेल, तर ही मुभा लागू होत नाही. म्हणून प्रत्येक मशीनचं मूळ बिल शोधा.

जास्त अशासाठी, की डेस्कटॉप विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे अपग्रेडचं लायसन्स आहे. त्याखाली आधीचं पात्र विंडोज लायसन्स असावं लागतं. सुटे भाग जोडून तयार केलेली, विंडोजशिवाय आलेली मशीन तुमच्याकडे असतील, तर त्यांना दिलेली व्हॉल्यूम लायसन्स कागदावर असूनही अपुरी ठरतात. कंत्राटदार हे ग्राहकाला सहसा सांगत नाहीत, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण अशा प्रकरणात ग्राहकाने पैसे प्रामाणिकपणे भरलेले असतात.

सर्व्हरचा हिशोब वेगळा. विंडोज सर्व्हर २०१६ पासून लायसन्स प्रोसेसरमधल्या कोअरच्या (काम करणाऱ्या एककांच्या) संख्येवर चालतं, एका सर्व्हरला किमान १६ कोअर धरून. स्टँडर्ड एडिशनने सगळे कोअर झाकले की २ व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगळे सर्व्हर) चालवता येतात, पुढच्या दोनसाठी तेवढीच लायसन्स पुन्हा. तुमचे ४ सर्व्हर प्रत्यक्षात किती यंत्रांवर आहेत ते बघा. त्याशिवाय सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला किंवा उपकरणाला क्लायंट ॲक्सेस लायसन्स लागतं. ॲक्टिव्हेशन ते तपासतच नाही, त्यामुळे कमतरता असली तरी पडद्यावर कधी दिसत नाही.

बाहेरच्या पत्त्यावरून ॲक्टिव्हेट होणारा सर्व्हर ही तुमच्या प्रकरणातली सर्वांत नाजूक बाब. केएमएसचं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं आणि मशीन साधारण दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न करतं. म्हणजे तो सर्व्हर त्या परक्या होस्टशी सतत बोलतो आहे. तो होस्ट कंत्राटदाराचा असू शकतो, बनावट ॲक्टिव्हेशन सेवा असू शकते. ॲक्टिव्हेशनचा तपशील दाखवणारी slmgr /dlv ही विंडोजची आज्ञा त्या सर्व्हरवर चालवून आलेलं पूर्ण उत्तर, त्यातलं होस्टचं नाव आणि तारखेसह, जतन करा. नंतर फायरवॉलवर तो पत्ता बंद करा. सर्व्हर लगेच बंद पडणार नाही.

कायद्याच्या बाजूने पाहा. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरच्या ट्रिप्स करारातल्या कलम १० मुळे सदस्य देशांत कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखं कॉपीराइट संरक्षण आहे. तपशील देशागणिक बदलतात, पण ढोबळ चौकट सारखी आहे : नुकसानभरपाईच्या दाव्यात ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हा बचाव फार दूर नेत नाही, फौजदारी कारवाईत मात्र जाणीवपूर्वक उल्लंघन कळीचं ठरतं. ट्रिप्सचं कलम ६१ सुद्धा व्यापारी प्रमाणावरच्या हेतुपुरस्सर चोरीबद्दल बोलतं. कालपर्यंत तुम्ही अनभिज्ञ होता. पत्र आल्यापासून, आणि त्या सर्व्हरबद्दल कळल्यापासून, तसं म्हणता येणार नाही. त्यामुळे विलंब तुमच्या विरोधात जातो.

व्हॉल्यूम करार नेमका कोणाच्या नावावर आहे, तेही तपासा. कंत्राटदाराने तो स्वतःच्या संस्थेच्या नावावर घेतला असेल, तर ती ५० लायसन्ससुद्धा तुमची नाहीत आणि वाद तुम्ही समजता त्याहून मोठा आहे. त्याला लेखी नोटीस द्या : करार क्रमांक, खरेदीची कागदपत्रं आणि लायसन्स पोर्टलचा प्रवेश मागा, भरपाईचा हक्क राखून ठेवा. उत्पादकापुढे त्याच्याकडे बोट दाखवून सुटका होत नाही. वापर तुमचा होता. पण भरलेले पैसे त्याच्याकडून वसूल करण्याचा मार्ग खुला राहतो.

पत्र पुन्हा वाचा. ते करारातल्या कलमाचा आधार घेऊन आलंय, की स्वेच्छेने तपशील द्या असं सुचवतंय? दुसऱ्या प्रकारात तुम्हाला मोकळीक जास्त असते. पहिल्या प्रकारात ते कलम शब्दशः बघा. मायक्रोसॉफ्टच्या मोठ्या ग्राहकांच्या करारांत अशी तरतूद आढळते की विनापरवाना वापर ५ टक्के किंवा अधिक निघाला, तर तपासणीचा खर्च ग्राहकाने द्यायचा आणि कमी पडलेली लायसन्स १२५ टक्के दराने घ्यायची. तुमच्या करारात काय आहे त्यावर तडजोडीची सुरुवात कुठून होणार हे ठरेल.

अंतर्गत मोजणी तुमच्या वकिलाच्या लेखी सूचनेवरून करून घ्या. अनेक देशांत अशा अहवालाला गोपनीयतेचं संरक्षण मिळू शकतं, आयटी कर्मचाऱ्याने आपणहून केलेल्या तक्त्याला ते मिळत नाही. दरम्यान नवी लायसन्स घ्यायला हरकत नाही, पण बिलावरची तारीख खरीच असली पाहिजे. मागची तारीख टाकून देणारा विक्रेता भेटला तर त्याच्यापासून दूर राहा.

तडजोड झाली तर मागच्या वापराबद्दलचे सर्व दावे सोडून दिल्याचं वाक्य तिच्यात हवं. फक्त नवी लायसन्स घेतल्याने ते आपोआप होत नाही, आणि त्या वाक्याशिवाय रक्कम भरू नका. उत्तराची मुदत जवळ आली असेल, तर आजच दोन ओळी पाठवा : पत्र मिळालं, कागदपत्रं गोळा करतो आहोत, अमुक तारखेपर्यंत मुदत द्यावी. त्यात एकही आकडा लिहू नका.