नवा ४के टीव्ही घेतला, तरी चित्र जुन्या टीव्हीपेक्षा वाईट का दिसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३२ इंची एचडी रेडी टीव्ही काढून ५५ इंची ४के घेतला, सेटटॉप बॉक्स आणि वायरी जुन्याच ठेवल्या. आता मॅच लावली की खेळाडूंचे चेहरे पुसट आणि मैदानावरचं गवत म्हणजे नुसता हिरवा रंग फासल्यासारखं. दुकानदाराने गंडवलं का?

बहुतेक नाही. टीव्ही जोडून देणं हे माझं रोजचं काम आहे आणि ही तक्रार नेहमीची आहे. खोक्यावर छापलेलं ‘४के’ हे फक्त पडद्याबद्दल बोलतं. त्या पडद्यापर्यंत काय पोचतंय, याची हमी खोक्यावर कुठेच नसते. चित्र वाहिनीकडून निघतं, बॉक्समधून जातं, वायरीतून येतं आणि मग पडद्यावर उमटतं. यातला एक टप्पा जरी साध्या दर्जाचा असला, तरी पुढे कितीही भारी पडदा लावा, गेलेला तपशील परत येत नाही.

हिशोब करून बघा. साध्या एसडी (एचडीच्या आधीच्या, कमी तपशिलाच्या) वाहिनीचं चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे ४.१५ लाख. तुमचा ४के पडदा ३८४० × २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. बरोबर वीसपट! वाहिनीने एक ठिपका पाठवला की बाकीचे एकोणीस टीव्हीने शेजारपाजारचे ठिपके बघून अंदाजाने भरायचे. जुना एचडी रेडी टीव्ही बहुधा १३६६ × ७६८ चा असणार, साधारण साडेदहा लाखांचा. त्याला अडीचपटच भर घालावी लागायची. शिवाय ५५ इंची पडद्याचं क्षेत्रफळ ३२ इंचीच्या जवळपास तिप्पट असतं. चित्रातले दोष आधीही होतेच, आता ते तिप्पट जागेत पसरून दिसतायत इतकंच.

म्हणून आधी मागे वाकून वायर बघा. बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये पिवळी-लाल-पांढरी टोकं असलेली वायर असेल तर शोध तिथेच संपला. त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जाऊच शकत नाही, वाहिनी एचडी असली तरी. तिच्या जागी एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी डिजिटल वायर) लावा. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट ५७६ वर (म्हणजे ठिपक्यांच्या ५७६ ओळींवर, एसडीवर) अडकलंय का ते पाहा आणि १०८० (फुल एचडी) करा. आता टीव्हीच्या (बॉक्सच्या नव्हे) रिमोटवरचं इन्फोचं बटण दाबा, येणाऱ्या सिग्नलचा आकडा कोपऱ्यात दिसेल.

मात्र इथे एक मेख आहे. बॉक्सचं आउटपुट १०८० वर ठेवलं की एसडी वाहिनीसुद्धा बॉक्सच फुगवून पाठवतो आणि टीव्ही इमानदारीने १०८० दाखवतो. तेव्हा वाहिनी स्वतः एचडी आहे का हे वेगळं तपासा. तीच वाहिनी एसडी आणि एचडी दोन्ही क्रमांकांवर असेल, तर आलटून पालटून लावा आणि खाली धावणारी बातम्यांची पट्टी बघा. अक्षरांच्या कडा फरक लगेच सांगतात. एचडी वाहिनीवर जुने कार्यक्रम लागले की तेही फुगवलेलेच असतात, चेहरे आडवे ताणलेले दिसले तर समजायचं.

आता लोकांच्या डोक्यात सहसा नसलेली गोष्ट. १०८० हा आकडा सारखा असला तरी चित्र सारखं नसतं. ब्लू-रे डिस्कवर (सिनेमांच्या एचडी डिस्कवर) व्हिडिओसाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत (मेगाबिट म्हणजे माहितीचं माप) जागा असते, तर इंटरनेटवरून येणारं फुल एचडी पाचेक मेगाबिटमध्ये भागवलं जातं. तपशील दाबूनच बसवावा लागतो. तुमचं गवत इथेही मरत असेल. कॅमेरा चेंडूमागे झपकन फिरला की गवत सपाट होतं, प्रेक्षक चौकोन चौकोन होतात, आणि कॅमेरा थांबला की क्षणात पाती परत उगवतात. असं होत असेल तर दोष वायरीचाही नाही आणि टीव्हीचाही नाही, चित्रच आवळून पाठवलेलं आहे. त्यावर घरबसल्या उपाय नाही.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये मात्र हात घाला. ‘व्हिव्हिड’ मोड दुकानातल्या झगझगाटात नजर खेचायला असतो, घरी ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ लावा. शार्पनेस वाढवला की चित्र स्पष्ट होतं हा तर सार्वत्रिक गैरसमज. तो फक्त कडांभोवती पांढरी रेघ ओढतो आणि फुगवलेल्या चित्राची घाण अजून उठून दिसते. तो कमी करा. काही कंपन्यांत शून्य म्हणजे मूळ चित्र, काहींत मधला आकडा. ती रेघ नाहीशी होईल तिथे थांबा. सिनेमे मालिकेसारखे गुळगुळीत वाटत असतील तर हालचाल मऊ करणारी सोयही बंद करा.

एचडीआर म्हणजे आणखी वरचं एचडी नव्हे. त्याचा संबंध उजेड आणि रंगांच्या पल्ल्याशी आहे, ठिपक्यांच्या संख्येशी नाही. आणि ५५ इंची पडद्यापासून साधारण सात फुटांच्या पलीकडे बसलात तर चांगल्या नजरेलाही फुल एचडी आणि ४के यांतला तपशिलाचा फरक जेमतेम कळतो. म्हणून ४के वाहिनीच्या मागे आत्ताच लागू नका, चांगलं फुल एचडी मिळालं तरी तुमचं काम भागेल.

महागड्या सोनेरी एचडीएमआय वायरीवर पैसे घालवू नका. डिजिटल सिग्नल एक तर नीट पोचतो, नाहीतर पडद्यावर ठिणग्या उडतात किंवा चित्र मध्येच काळं होतं. महाग वायरीने चेहरे स्पष्ट होत नाहीत. आधी पिवळी वायर काढा, आणि इन्फो दाबल्यावर कोणता आकडा आला ते वाहिनीच्या नावासकट इथे लिहा, पुढचं बघू.