सुरुवात एका चेलोपासून कर

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायचंय ना? मग लगेच सिंफनीच्या, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदाच्या लांबलचक रचनेच्या, मागे लागू नकोस. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं, खालच्या सुरांचं मोठं वाद्य. जर्मन संगीतकार बाखच्या पहिल्या चेलो सुइटचा (छोट्या रचनांच्या मालिकेचा) प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा लाव, जेमतेम अडीच मिनिटांचा. सुरुवातीला खालचा एकच सूर पुन्हापुन्हा येतो, वरचे बदलत राहतात. तानपुऱ्याला सरावलेल्या कानाला हे चटकन भिडतं. आठवडाभर तेवढंच ऐक.

माझा सर्वात लाडका संगीतकार मात्र ऑस्ट्रियाचा शूबर्ट. 1828 साली, अवघ्या 31 व्या वर्षी गेला. त्याच वर्षी त्याने दोन चेलोंचं तंतुवाद्य-पंचक, म्हणजे पाच तंतुवाद्यांची रचना, लिहिलं. त्याचा दुसरा भाग रात्री दिवा मालवून ऐक. मधली तीन वाद्यं लांब सूर धरून असतात, खाली दुसरा चेलो बोटाने तारा छेडतो, वर व्हायोलिन थांबत थांबत बोलतं. माझा अजूनही गळा दाटून येतो.