शांतिसेनेला सोमालियात विरोध का?

प्रश्न : शांतता राखायला आलेल्या फौजांना सोमाली लोकांनी विरोध का केला? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : १२ जुलै १९९३ रोजी राजधानी मोगादिशूत, संयुक्त राष्ट्रांची मोहीम चालू असताना, अमेरिकी हेलिकॉप्टरांनी एका घरावर क्षेपणास्त्रे डागली आणि तिथे जमलेली कुळांतील वडीलधारी मंडळी मारली गेली, दुष्काळात अन्न पोहोचवणाऱ्या फौजेबद्दलचा उरलासुरला विश्वास अनेकांच्या मनातून तेव्हाच उडाला. पुढे डिसेंबर २००६ मध्ये इथिओपियाचे सैन्य शिरले. ज्या देशाशी १९७७-७८ मध्ये ओगादेन या सोमालीबहुल इथिओपियन प्रदेशासाठी युद्ध झाले, त्याचेच सैनिक राजधानीत पाहणे सामान्य सोमालींनाही असह्य झाले, आणि माझ्या मते अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेला बळ मिळाले ते या संतापातूनच. म्हणून प्रत्येक विरोधकाला दहशतवादी समजणे अन्यायाचे आहे.